नळाच्या पाण्याला येणारा औषधाचा वास आणि जर्सी सिटीचा खटला

जून उजाडला की माझ्या दवाखान्यात एक तक्रार हमखास येते. तिचा गोळ्या-इंजेक्शनाशी काही संबंध नसतो, पण लोक डॉक्टरलाच विचारतात. यंदा ती एका आजींनी आणली. रक्तदाबाच्या गोळ्या लिहून घेऊन झाल्या आणि उठता उठता त्या म्हणाल्या, "डॉक्टर, नळाला औषधाचा वास येतोय हो. चहासुद्धा बिघडतो. सुनेनं तर ते पाणी प्यायचंच सोडलंय, आता जार आणतो आम्ही. पाण्यात विष कालवतात की काय?"

"काही होत नाही आजी, प्या बिनधास्त" असे म्हणून मी मोकळा झालो असतो. बाहेर रांग होती. पण प्रश्न रास्त होता. एका शहराच्या सगळ्या लोकांच्या पाण्यात कुणीतरी रसायन टाकते, आणि ते टाकण्यापूर्वी आपल्याला कुणी विचारलेले नसते. हे सुरू कसे झाले? कुणी ठरवले? नेमका हाच प्रश्न शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कोर्टात विचारला गेला होता, आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता एक डॉक्टर. ती गोष्ट आज सांगतो.

आधी त्या पावडरीविषयी थोडे. ग्रामपंचायतीचा शिपाई जिला 'टीसीएल' म्हणतो आणि आपण ब्लीचिंग पावडर म्हणतो, ती काही पाण्यासाठी जन्मलेली नाही. स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७४ मध्ये क्लोरीन वायू तयार केला. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने हा वायू चुन्यात शोषून घेऊन त्याची पावडर करण्याचे पेटंट घेतले. उद्देश एकच, कापड पांढरे करणे. पुढे दुर्गंधी घालवायला म्हणून ती गटारात, शवागारात, संडासात वापरू लागले. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात डॉ. सेमेलवाइस यांनी विद्यार्थ्यांना याच चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. म्हणजे पावडर जंतू मारते, याचा पुरावा जंतू माहीत होण्याआधीच हाती आला होता. तरीही ती प्यायच्या पाण्यात टाकायची, हा विचार कुणालाही पटणारा नव्हता. गटारात टाकायची वस्तू घशात कशी घालायची?

आता चला जर्सी सिटीला. न्यूयॉर्कच्या समोर, हडसन नदीच्या पलीकडच्या काठावर वसलेले हे गिरण्या-कारखान्यांचे आणि गोदीचे शहर. १९०० साली वस्ती दोन लाखांच्या वर. पाणी यायचे पसाइक नदीतून, आणि त्याच नदीत वरच्या अंगाच्या गावांचा मैला यायचा. परिणाम सांगायला नको. विषमज्वर, म्हणजे आपले लोक ज्याला मुदतीचा ताप म्हणतात तो टायफॉइड, घरोघरी होता. तेव्हा त्यावर औषध नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉल यायला अजून जवळपास पन्नास वर्षे होती. आज टायफॉइडचा रुग्ण पाच-सात दिवसांत ताप उतरून घरी जातो. तेव्हा तीन-चार आठवडे खाटेला खिळून राहायचा, आणि आतड्याला छिद्र पडले की डॉक्टरच्या हाती नुसते बघत बसणे उरायचे.

शेवटी शहराने १८९९ मध्ये एका खासगी कंत्राटदाराशी करार केला. लांब डोंगराळ भागात रॉकअवे नदीवर बूंटन येथे धरण बांधायचे, तिथून सुमारे ३७ किलोमीटर नळ टाकायचा आणि शहराला पाणी द्यायचे. किंमत सुमारे ७६ लाख डॉलर. करारात एक अट होती की पाणी शुद्ध आणि आरोग्यदायी असले पाहिजे. १९०४ मध्ये पाणी सुरू झाले. आधीपेक्षा ते कितीतरी चांगले होते. पण शहराने हात आखडता घेतला. म्हणणे असे, की पाणी करारात लिहिल्याइतके शुद्ध नाही, सबब पूर्ण पैसे देणार नाही. प्रकरण कोर्टात गेले.

यात शहराचा कावेबाजपणा होता का? थोडा असेलही, पैसे मोठे होते. पण मुद्दा खरा होता. धरणाच्या वरच्या अंगाला डोव्हर, रॉकअवे, बूंटन अशी गावे होती. त्यांचे सांडपाणी नदीत उतरत होते. एरवी धरणात पाणी साठून राहते, जंतू आपोआप मरतात, गाळ खाली बसतो. पण वर्षातून दोन-तीन वेळा मुसळधार पाऊस झाला की लोंढा येई, धरणातल्या साठ्याला वळसा घालून तो जवळजवळ थेट नळाच्या तोंडाशी पोचे, आणि तेवढे काही दिवस पाण्यात मैल्यातले जंतू सापडत. न्यायाधीश स्टीव्हन्स यांनी १९०८ च्या मे महिन्यात निकाल दिला, त्याचा सारांश हाच होता. पाणी बहुतेक दिवस चांगले आहे. ते दोन-तीन प्रसंग टाळायची व्यवस्था कंपनीने केली पाहिजे. एक तर वरच्या गावांना गटारे बांधून द्या, नाही तर दुसरा काही उपाय असेल तर तो करून दाखवा.

या 'दुसऱ्या काही उपाया'च्या फटीतून आपल्या कथेचा नायक आत शिरतो.

डॉ. जॉन लील. न्यू जर्सीच्याच पॅटर्सन गावात वर्षानुवर्षे आरोग्य अधिकारी, आणि आता या पाणी कंपनीचे आरोग्य सल्लागार. त्यांचे वडीलही डॉक्टर. अमेरिकेच्या यादवी युद्धात पलटणीबरोबर गेले असता दूषित पाण्याने त्यांना जुलाबाचे दुखणे जडले. युद्ध संपले, ते घरी आले, पण दुखणे काही गेले नाही. वर्षानुवर्षे झिजून १८८२ मध्ये ते वारले. मुलगा तेव्हा चोवीस वर्षांचा होता. दोनच वर्षांनी तो डॉक्टर झाला. घरात पाण्याने मेलेला बाप ज्याने पाहिला आहे, त्याला 'वर्षातून दोन-तीन दिवसच तर पाणी खराब असते' हा युक्तिवाद कसा वाटला असेल, याची कल्पना मी करू शकतो.

पॅटर्सनमध्ये आरोग्य अधिकारी असताना, घरात साथीचा रुग्ण निघाला की घर निर्जंतुक करायला ते हीच पावडर वापरत. प्रयोगशाळेत त्यांनी पाहिले होते की अगदी चिमूटभर पावडरसुद्धा पाण्यातले जंतू मारते. इंग्लंडच्या बातम्याही त्यांच्या कानावर होत्या. १८९७ मध्ये मेडस्टन गावात टायफॉइडची मोठी साथ आली, अठराशेहून अधिक माणसे आजारी पडली, तेव्हा तिथले पाण्याचे नळ या पावडरीने धुऊन काढले होते. १९०५ मध्ये लिंकन शहरातल्या साथीत डॉ. अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी तर चालू पाण्यातच क्लोरीनचे द्रावण सोडले. पण ही सगळी आगीवर पाणी टाकण्याची कामे होती. साथ नसताना, धडधाकट लोकांच्या पाण्यात, रोज, कायमचे क्लोरीन घालायचे, असे अमेरिकेतल्या कुठल्या शहराने केले नव्हते. बेल्जियममधल्या एका लहान गावात १९०२ पासून ते सुरू होते, एवढेच.

कोर्टाने दिलेली मुदत अवघी तीन-एक महिन्यांची होती. लील यांनी जॉर्ज फुलर या नामांकित अभियंत्याला गाठले. फुलर यांनी बूंटनला धरणाच्या पायथ्याशी एक साधे घर उभारले. आत पावडर कालवायच्या टाक्या, त्यातले द्रावण ठराविक धारेने सोडणारी पेटी, आणि धार पडे ती धरणातून बाहेर निघणाऱ्या पाण्यात. इतकेच. २६ सप्टेंबर १९०८ रोजी ते सुरू झाले. रोज सुमारे १५ कोटी लिटर पाणी, आणि त्यात दर दहा लाख भाग पाण्यामागे क्लोरीन एका भागापेक्षाही कमी. पुढे ३७ किलोमीटर नळातून वाहताना क्लोरीनला आपले काम करायला भरपूर वेळ मिळे. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचे आहे.

आता गंमत पाहा. लील यांनी यासाठी कुणाचीच परवानगी घेतली नव्हती. ना शहराची, ना कोर्टाची. दोन लाख लोक सकाळी उठून जे पाणी प्यायले, त्यात रात्रीतून काय बदलले हे त्यांना ठाऊक नव्हते. आजच्या काळात एथिक्स कमिटीसमोर असा प्रस्ताव मी घेऊन गेलो, तर मला दारातूनच परत पाठवतील, आणि ते बरोबरच आहे. शिवाय लील कंपनीचे पगारी सल्लागार होते. गटारे बांधण्यापेक्षा पावडर टाकणे कंपनीला कितीतरी स्वस्त होते. आपल्याकडे आज असे घडले, तर मी स्वतः पहिला संशय घेईन. तरीही तो माणूस बरोबर होता. इतिहासात अशा अडचणीच्या गोष्टी असतात. त्या झाकून ठेवून 'महान डॉक्टर' म्हणून हार घालणे मला जमत नाही.

खटल्याचा दुसरा भाग तीनच दिवसांनी सुरू झाला. शहराच्या बाजूने कोण उभे होते? विल्यम सेजविक आणि जॉर्ज व्हिपल. हे कुणी अडाणी विरोधक नव्हते, अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे धुरीण होते. त्यांचा भर वाळूच्या फिल्टरवर आणि मैला मुळातच नदीत जाऊ न देण्यावर होता. त्यांना नाकारताही येत नव्हते, कारण फिल्टरचा पुरावा ताजा होता. १८९२ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात कॉलराने आठ हजारांहून अधिक माणसे गेली. शहर एल्बे नदीचे पाणी न गाळता पुरवत होते. शेजारच्या आल्टोनाचे पाणी त्याच नदीचे, तेही हॅम्बुर्गची घाण मिसळल्यानंतरचे, पण वाळूतून गाळलेले. तिथे साथ फारशी पसरलीच नाही. दोन शहरांची हद्द एकाच रस्त्यातून जायची. एका बाजूला प्रेते, दुसऱ्या बाजूला जवळपास काही नाही. डॉ. रॉबर्ट कॉख यांनी ते स्वतः जाऊन पाहिले होते.

अशा काळात कुणी म्हणू लागले की फिल्टर नको, चमचाभर पावडर टाकतो, तर जाणकार भुवया उंचावणारच. क्लोरीन गाळाच्या कणांत दडलेल्या जंतूंपर्यंत पोचेल का? माणसाच्या हाताने चालणारी ही व्यवस्था रोज न चुकता चालेल का? मला हे आक्षेप आजही मोलाचे वाटतात. गावातल्या टाकीत टीसीएल टाकणारा माणूस चार दिवस लग्नाला गेला, की काय होते ते आपल्याला माहीत आहे.

१९०९ च्या फेब्रुवारीत लील यांची साक्ष झाली. शहराच्या वकिलाने त्यांना थेट घरात नेले. हे पाणी तुम्ही स्वतः प्याल का? आणि बायकामुलांना द्याल का? लील यांनी दोन्हीला हो म्हटले.

कोर्टाने नेमलेले अधिकारी विल्यम मॅगी यांनी मे १९१० मध्ये अहवाल दिला. पावडरीमुळे जंतू मरतात, पाण्यात विषारी असे काही शिल्लक राहत नाही, आणि व्यवस्था विश्वासार्ह आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे शहराने हे तंत्र स्वीकारले असे म्हणण्यापेक्षा, शहर त्याच्या विरोधात लढले आणि हरल्यामुळे ते त्याच्या गळ्यात पडले, असे म्हणणे जास्त खरे. पण निकालाची प्रत इतर नगरपालिकांच्या हाती लागताच चित्र बदलले. कोर्टाचा शिक्का होता, खर्च नगण्य होता. एकामागून एक शहरे रांगेत आली. १९१३ मध्ये पावडरीऐवजी द्रवरूप क्लोरीन मोजून सोडणारी यंत्रे आली, आणि ढेकळे फोडत बसायचे काम संपले. दहा वर्षांच्या आत अमेरिकेतल्या हजाराहून अधिक शहरांचे पाणी क्लोरीन घेऊन वाहू लागले. तिथे १९०० साली दर लाख लोकांमागे सुमारे १०० जणांना टायफॉइड होई. १९२० पर्यंत हा आकडा ३४ च्या आसपास आला.

हे सगळे श्रेय क्लोरीनचेच का? नाही. फिल्टर होते, गटारे होती, दूध पाश्चराइज करून विकणे सुरू झाले, लसही आली. २००५ मध्ये दोन अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, की त्या काळात अमेरिकन शहरांतले मृत्यू जे घटले त्यातला निम्मा वाटा स्वच्छ पाण्याचा. पुढे दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा वाटा बराच लहान निघाला. टायफॉइडवर पाण्याचा परिणाम झाला यावर मात्र फारसा वाद नाही.

आता आपल्याकडे येऊ. क्लोरीन टाकले म्हणजे संपले, असे नाही, हे दिल्लीने १९५५ च्या डिसेंबरात दाखवून दिले. यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याचा मैला वझिराबादच्या पाणी उपसा केंद्राकडे उलटा आला. तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवले. त्याने टायफॉइडची साथ आली नाही, पण पुढच्या काही आठवड्यांत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. जिवाणू मेले होते, विषाणू गाळात लपून पार गेले होते. तो कुठला विषाणू हे तेव्हा कळले नाही. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी अमेरिकन सहकाऱ्यांबरोबर जुने रक्तनमुने तपासून दाखवले, की ती 'ए' प्रकारची कावीळ नव्हतीच; आज तिला आपण हिपॅटायटिस 'ई' म्हणतो. सेजविक-व्हिपल यांचा गाळाच्या कणांचा आक्षेप आठवा. १९९३ मध्ये अमेरिकेतल्याच मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम नावाच्या परजीवीने सुमारे चार लाख लोकांना जुलाब लावले. त्याच्या कवचाला क्लोरीन भेदू शकत नाही. म्हणून आधी गाळणे आणि मग क्लोरीन, हा क्रम.

उलट बाजू पुण्याने अगदी अलीकडे पाहिली. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी भागात गुलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकदम वाढले. हातापायांतली ताकद जाणे, काहींना तर व्हेंटिलेटर लागणे. संशयितांची संख्या दोनशेच्या वर गेली. अनेकांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू मिळाला. तो क्लोरीनला सहज दबतो. त्या भागातल्या अनेक घरांच्या नळाचे पाणी तपासले तर त्यात क्लोरीन शिल्लकच नव्हते.

'शिल्लक' हा शब्द महत्त्वाचा. टाकीत टाकलेले क्लोरीन वाटेतल्या घाणीशी लढत खर्च होते. तुमच्या नळापर्यंत पोचेतो थोडे उरले पाहिजे, दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, असे आपले भारतीय मानक सांगते. वाटेत कुठे गटाराशेजारचा नळ फुटका असेल, तर तेवढे उरलेले क्लोरीन तिथे पहारा देते. गावात जी 'ओटी टेस्ट' करतात, दोन थेंब टाकून पाणी पिवळे होते का पाहतात, ती याचसाठी.

क्लोरीनने कर्करोग होतो का, हेही लोक विचारतात. १९७४ मध्ये नेदरलँड्सच्या योहानेस रूक यांनी दाखवले, की पाण्यात कुजका पालापाचोळा असेल तर क्लोरीनशी त्याचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्ये अल्प प्रमाणात बनतात. त्यावर मर्यादा घातलेल्या आहेत. धोका शून्य नाही, पण तो वर्षानुवर्षांच्या सेवनाचा आणि लहान आहे. पाण्यातल्या जंतूंचा धोका या आठवड्यातला आहे.

लील १९१४ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी वारले. नाव फारसे कुणाला माहीत झाले नाही.

आजींना मी हे सगळे सांगितले नाही, बाहेर रांग होती हे आधीच म्हटले. सांगितले ते एवढे: पावसाळ्यात वास येतो कारण गढूळ पाण्यासाठी पावडर वाढवावी लागते. पाणी भरून अर्धा तास तसेच राहू द्या, तेवढ्या वेळात क्लोरीनचे काम पुरे होते. पातेल्यावर फडके टाकून ठेवले की वास बराच उडतो, उकळले तर पूर्ण जातो, आणि उकळलेले तर सगळ्यात उत्तम. जारच्या पाण्यात बहुधा क्लोरीन उरलेले नसते, कारण फिल्टर ते काढून टाकतो. तेव्हा जार उघडला की दोन दिवसांत संपवा आणि त्यात हाताचा पेला बुडवू नका. वास फारच उग्र असेल, डोळे चुरचुरत असतील, तर पाणीपुरवठा विभागाला कळवा.

"आणि वास आलाच नाही तर?" आजींनी दारातून विचारले.

"भर पावसात, पाणी गढूळ असताना अजिबात वास नसेल, तर आधी फोन करा आणि तोवर उकळून प्या."